परदेशस्थ विनिमय-विद्यार्थ्याचे समायोजन : 'यू' वक्राच्या अभ्युपगमाची चिकित्सा

१. विनिमय-विद्यार्थी कोण?

परक्या देशातील विद्यापीठात अध्ययनासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पदवी संपादन करण्यासाठी जाणारा विद्यार्थी हा पहिला वर्ग होय. हा विद्यार्थी आपल्या मूळ संस्थेचा निरोप घेऊन जातो. नवे विद्यापीठ हेच त्याचे विद्यापीठ होते, आणि पदवीनंतर परतावयाचे की तेथेच राहावयाचे हा प्रश्न त्याच्यापुरता बराच काळ खुला राहतो. दुसरा वर्ग विनिमय-योजनेखाली जाणाऱ्यांचा. या विद्यार्थ्याचे नाव एकाच वेळी दोन संस्थांच्या पटावर असते. तो एक सत्र किंवा एक वर्ष यजमान विद्यापीठात काढतो. परंतु त्याची पदवी, त्याचे मार्गदर्शक आणि त्याचे भवितव्य ही सारी मायदेशीच्या संस्थेशी बांधलेली असतात. त्याच्या परतीची तारीख बहुधा निघण्यापूर्वीच ठरलेली असते.

गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ साली 'परका' या सामाजिक प्ररूपाचे जे विवेचन केले, त्यात आज येऊन उद्याही राहणारा मनुष्य त्याच्या डोळ्यांसमोर होता. विनिमय-विद्यार्थी याच्या नेमका उलट आहे. तो आज येतो आणि उद्या निश्चितपणे जाणार असतो. ही गोष्ट त्याला ठाऊक असते व यजमानांनाही ठाऊक असते. त्यामुळे त्याचे स्वागत सहज होते, पण त्याच्याशी जडणारे संबंध आरंभापासूनच मुदतीचे असतात. प्रवाशापेक्षा तो अधिक गुंतलेला आणि स्थलांतरितापेक्षा कमी रुजलेला, अशा मधल्या अवस्थेत असतो. त्याच्या अनुभवातील चढउतारांचे मूळ पुष्कळ अंशी या अवस्थेत आहे.

या चढउतारांना काही नियम आहे काय, असा प्रश्न सामाजिक शास्त्रांनी विसाव्या शतकाच्या मध्यास विचारला. त्याला जे उत्तर मिळाले ते 'यू' वक्राचा अभ्युपगम या नावाने प्रसिद्ध झाले. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकांतून व उद्बोधन-वर्गांतून हा वक्र अजूनही एखाद्या सिद्धान्ताप्रमाणे शिकविला जातो. तो खरोखर कितपत सिद्ध झालेला आहे, आणि तो खरा अथवा खोटा ठरल्याने विद्यार्थ्यांच्या व विभागांच्या व्यवहारात काय फरक पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. योजनांची पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांची देवाणघेवाण ही कल्पना दुसऱ्या महायुद्धापूर्वीची आहे. जर्मनीची शैक्षणिक विनिमय-सेवा १९२५ साली सुरू झाली. तथापि, या कल्पनेला मोठे शासकीय पाठबळ मिळाले ते युद्धोत्तर काळात. अमेरिकेचे सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी मांडलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १ ऑगस्ट १९४६ रोजी स्वाक्षरी केली. परदेशांत पडून राहिलेल्या अमेरिकन युद्धसामग्रीच्या विक्रीतून येणारा पैसा शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी वापरावा, अशी ही तरतूद होती. फुलब्राइट हे स्वतः १९२०–३० च्या दशकात ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड येथे शिकले होते. नॉर्वेने १९४९ साली या योजनेचा करार केला. भारताचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. पुढे २००८ साली भारत व अमेरिका या दोन्ही शासनांनी खर्चाचा वाटा उचलण्याचे ठरविल्यावर या शिष्यवृत्त्यांना फुलब्राइट-नेहरू असे नाव मिळाले.

युरोपात १९८७ साली 'इरॅस्मस' योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. एका विद्यापीठात केलेले अध्ययन दुसऱ्या विद्यापीठाने ग्राह्य धरावे यासाठी १९८९ पासून युरोपीय श्रेयांक-पद्धती प्रयोगादाखल अमलात आली, आणि पूर्णवेळ अध्ययनाचे एक वर्ष म्हणजे ६० श्रेयांक हे तिचे परिमाण ठरले. विद्यार्थ्याने परदेशात घालविलेला काळ त्याच्या पदवीच्या दृष्टीने वाया जाऊ नये, हा या व्यवस्थेचा हेतू होय. समायोजनाच्या प्रश्नाशी या हिशेबी बाबीचा किती निकट संबंध आहे, हे पुढे दिसून येईल.

विनिमय-योजनांमागे केवळ विद्यादानाचा हेतू नव्हता. परस्परपरिचयाने राष्ट्राराष्ट्रांतील वैमनस्य निवळेल, अशी त्यांच्या पुरस्कर्त्यांची श्रद्धा होती. साहजिकच, या श्रद्धेची परीक्षा घ्यावी असे संशोधकांना वाटू लागले. परदेशी राहून आलेला विद्यार्थी यजमान देशाविषयी प्रेम घेऊन परततो की कटुता? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले की, उत्तर विद्यार्थ्यागणिक तर बदलतेच, पण एकाच विद्यार्थ्याच्या बाबतीत ते महिन्यागणिकही बदलते.

३. लिसगोर यांचा अभ्यास व ओबर्ग यांची मांडणी

नॉर्वेतील समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगोर यांचा या विषयावरील निबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला. फुलब्राइट योजनेखाली अमेरिकेस जाऊन आलेल्या २०० नॉर्वेजियन व्यक्तींच्या मुलाखती त्यास आधारभूत होत्या. लिसगोर यांनी मुक्कामाच्या कालावधीनुसार या व्यक्तींचे तीन गट केले. सहा महिन्यांहून कमी काळ राहिलेल्यांचे समायोजन चांगले आढळले. अठरा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्यांचेही चांगले आढळले. मात्र सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचे समायोजन या दोहोंपेक्षा कमी प्रतीचे दिसले. यावरून त्यांनी असा अभ्युपगम मांडला की, समायोजन ही काळाच्या ओघात इंग्रजी 'यू' अक्षराप्रमाणे खाली जाऊन पुन्हा वर येणारी प्रक्रिया आहे. आरंभी सर्व काही सोपे वाटते. मग एकाकीपणाचा व अस्वस्थतेचा काळ येतो. आणि अखेरीस मनुष्य नव्या समाजात पुन्हा सुस्थिर होतो.

या उताराची उपपत्तीही विचारणीय आहे. आरंभीचे संबंध वरवरचे असतात आणि आरंभी तेवढे पुरतात. नवागताला रस्ता दाखविणारे, चहाला बोलाविणारे, त्याच्या देशाविषयी विचारणारे लोक भेटतात, आणि त्याला वाटते की आपण येथे रुळलो. परंतु काही महिन्यांनी त्याची गरज बदलते. मन मोकळे करता येईल असा स्नेही त्याला हवा असतो, आणि तो मिळण्याचा मार्ग वरवरच्या ओळखींतून आपोआप निघत नाही.

कुर्ट लेव्हिन यांनी १९३६ साली जर्मन व अमेरिकन व्यक्तिमत्त्वांची जी तुलना केली होती, ती येथे उपयोगी पडते. अमेरिकन मनुष्याच्या व्यक्तिमत्त्वाचे बाहेरचे थर सहज खुले होतात, पण गाभा तितकाच जपलेला असतो. जर्मन मनुष्य बाहेरच्या थरापाशीच अडवितो, मात्र तेथून आत प्रवेश मिळालेल्यास पुढची वाट सोपी असते, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे होते. ज्या समाजात पहिल्या हसऱ्या अभिवादनाचा अर्थ मैत्रीची सुरुवात असा होतो, त्या समाजातून आलेला विद्यार्थी अमेरिकेतील हसऱ्या अभिवादनाचा अर्थ तसाच लावतो, आणि पुढे काही न घडल्यास आपली फसवणूक झाली असे मानतो. वस्तुतः फसवणूक कोणीच केलेली नसते. दोन समाजांच्या संकेतांचे कोश भिन्न असतात, एवढेच.

अशाच संकेतांवर मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी भर दिला. 'सांस्कृतिक धक्का' हा शब्दप्रयोग कोरा ड्यू बॉईस यांनी १९५१ साली वापरला होता. त्याला सर्वत्र रूढ केले ते ओबर्ग यांनी १९५४ साली रिओ दी जानेरो येथे दिलेल्या व १९६० साली छापून आलेल्या व्याख्यानाने. केव्हा हस्तांदोलन करावे, बक्षिशी कोणास द्यावी, आमंत्रण केव्हा खरे मानावे आणि केव्हा केवळ उपचार समजावा, यांसारखी शेकडो चिन्हे मनुष्य आपल्या समाजात नकळत आत्मसात करतो. ती एकाएकी नाहीशी झाली की, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी त्याची स्थिती होते. मराठी घरातून बाहेर पडणारा मनुष्य 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, आणि ऐकणारा त्याचा अर्थ बरोबर लावतो. हा अर्थ कोणी कोणास शिकविलेला नसतो. परदेशात विद्यार्थ्याला अशी प्रत्येक गोष्ट जाणीवपूर्वक, चुका करीत शिकावी लागते. दिवसाच्या अखेरीस त्याला जो शीण येतो तो अभ्यासाचा असतोच असे नाही. पुष्कळदा तो सततच्या अर्थनिर्णयनाचा असतो. ओबर्ग यांनी नवलाई, वैताग, सावरणे आणि स्थिरावणे अशा चार अवस्था कल्पिल्या. पाण्याच्या व अन्नाच्या शुद्धतेविषयी अवाजवी चिंता, यजमानांवर क्षुल्लक कारणांनी येणारा राग, घरी परतण्याची तीव्र ओढ ही त्यांनी नोंदविलेली लक्षणे आहेत.

४. परतीचा उतार

जॉन व जीन गलाहॉर्न या दांपत्याने १९६३ साली या वक्राचा विस्तार केला. त्यांच्या अभ्यासाचा विषय अमेरिकेतून परदेशी जाऊन आलेले विद्यार्थी व अध्यापक हा होता, आणि पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या प्रश्नावलींचा आधार त्याला होता. मायदेशी परतल्यावरही उत्साह, निराशा आणि पुनःस्थैर्य हेच चक्र पुन्हा घडते, सबब एक 'यू' पुरेसा नसून दोन 'यू' जोडून होणारी 'डब्ल्यू'ची आकृती अधिक यथार्थ होय, असे त्यांनी सुचविले.

परतीचा उतार अधिक अनपेक्षित असतो. परदेशी जाताना मनुष्य अडचणींची अपेक्षा ठेवून जातो; घरी परतताना कोणीही तशी अपेक्षा ठेवीत नाही. आपण बदललो आहोत हे त्याला पुरतेपणी उमगलेले नसते, आणि आपल्या अनुपस्थितीत घरही बदलले आहे हे त्याने विचारात घेतलेले नसते. सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण ऐकणाऱ्यांचे कुतूहल थोड्याच दिवसांत ओसरते.

या बाबतीत पश्चिम भारताचा एक थेट संबंध येतो. जॉन व रूथ यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी पाश्चात्त्य देशांत शिकून परतलेल्या भारतीयांचा अभ्यास तत्कालीन मुंबई राज्यात केला आणि तो १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. विशिष्ट तंत्र वा विषयज्ञान यांपेक्षा आत्मविश्वास आणि विचार करण्याची पद्धती यांतील बदलांना परतलेल्या व्यक्ती स्वतः अधिक महत्त्व देत होत्या, ही या अभ्यासातील लक्षणीय गोष्ट होय. मूळ समाजाचीही नाही आणि यजमान समाजाचीही नाही, अशी एक 'तिसरी संस्कृती' दोहोंमध्ये वावरणाऱ्या लोकांत निर्माण होते, ही यूसीम यांची पुढे गाजलेली कल्पना भारतातील याच कार्यातून उगम पावली.

परंतु परतीच्या उताराची मानसशास्त्रीय उपपत्ती सर्वत्र पुरेशी ठरत नाही, हे दाखविणारे उदाहरण त्याहूनही जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे विनिमय-विद्यार्थी नव्हते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याच्या कराराने बांधलेले होते. या अर्थी त्यांचीही परत ठरलेली होती. १९१७ साली ते बडोद्यास आले तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ओळख लपवून राहण्याची वेळ आली, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग वर्णिला आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव आपल्या मनातून पार पुसली गेली होती, असेही त्यांनी तेथे नमूद केले आहे. येथील उतार हा मनाच्या नव्याने जुळवून घेण्याचा प्रश्न नव्हता. परतलेल्या विद्यार्थ्याने जुळवून घेऊ नये, अशीच ती परिस्थिती होती. 'समायोजन' हा शब्द वापरताना कोणी कोणाशी जुळवून घ्यावयाचे, हा प्रश्न अध्याहृत ठेवून चालत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

५. अभ्युपगमावरील आक्षेप

'यू' वक्राची लोकप्रियता त्याच्या सुटसुटीतपणात आहे, आणि त्याची दुर्बलताही तेथेच आहे. त्यावरील पहिला आक्षेप पद्धतिविषयक आहे. लिसगोर यांनी एकाच व्यक्तीचे समायोजन वेगवेगळ्या वेळी मोजलेले नव्हते. वेगवेगळा काळ राहिलेल्या वेगवेगळ्या व्यक्तींची तुलना केली होती. अशा तुलनेतून प्रक्रियेचा आकार काढणे म्हणजे गावातील पाच, दहा आणि पंधरा वर्षांच्या मुलांची उंची एका दिवशी मोजून एकाच मुलाच्या वाढीचा आलेख काढण्यासारखे आहे. मुलांच्या उंचीबाबत हे कदाचित निभावेल. परदेशी विद्यार्थ्यांबाबत निभावेलच असे नाही. पाच महिने राहणारा आणि दोन वर्षे राहणारा यांचे वय, उद्दिष्ट आणि आर्थिक स्थिती भिन्न असू शकते. शिवाय, ज्याला परदेश मानवला तोच अधिक काळ राहण्याची शक्यता अधिक. अशा स्थितीत दीर्घकाळ राहिलेल्यांचे समायोजन चांगले दिसते ते काळामुळे की निवडीमुळे, हे सांगता येत नाही. तसेच मुलाखती परतल्यानंतर घेतलेल्या असल्याने आठवणीचा दोषही गृहीत धरावा लागतो.

दुसरा आक्षेप पुराव्याच्या एकूण वजनाविषयी आहे. ऑस्टिन चर्च यांनी १९८२ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा या वक्रास मिळणारा आधार दुर्बल व अनिर्णायक असून त्याचे सामान्यीकरण प्रमाणाबाहेर झाले आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. काही अभ्यासांत उतार आढळला, काहींत आढळला नाही. आणि ज्यांत आढळला त्यांतही त्याचा काळ व खोली यांत एकवाक्यता नव्हती.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. न्यूझीलंडमधील कॉलीन वॉर्ड व त्यांचे सहकारी यांनी 'समायोजन' या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात असे दाखविले. मनाचे स्वास्थ्य ही एक, आणि नव्या समाजात व्यवहार करता येण्याचे कौशल्य ही दुसरी. पहिली ताण व आधार यांवर अवलंबून असते, दुसरी शिकण्यावर. बँकेत खाते उघडणे, चर्चासत्रात प्राध्यापकाच्या मताला विरोध करणे, थट्टा ओळखणे ही कौशल्ये प्रथम वेगाने आणि नंतर सावकाश वाढतात. त्यांचा आलेख शिकण्याच्या सामान्य आलेखासारखा असतो. सर्व व्यवहार सफाईने करणारा विद्यार्थी अंतर्यामी उदास असू शकतो. उलटपक्षी, पदोपदी चुकणारा विद्यार्थी आनंदी असू शकतो.

वॉर्ड व सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूझीलंडमध्ये आलेल्या ३५ जपानी विद्यार्थ्यांची पाहणी आगमनानंतर चोवीस तासांच्या आत, आणि पुढे चार, सहा व बारा महिन्यांनी केली. येथे व्यक्ती त्याच होत्या. बदलत होता तो काळ. या पाहणीत 'यू' आढळला नाही. अडचणी सर्वांत अधिक आढळल्या त्या आगमनसमयी. नंतर त्या घटल्या. ताणाच्या दृष्टीने हे सयुक्तिक आहे. ज्या दिवशी बदल सर्वांत मोठा आणि आधार सर्वांत थोडा, तो दिवस आगमनाचा होय. अर्थात, या अभ्यासालाही मर्यादा आहेत. नमुना लहान आहे, विद्यार्थी एकाच राष्ट्राचे आहेत, आणि पाहणी बारा महिन्यांपाशी थांबते. लिसगोर यांचा तिसरा गट अठरा महिन्यांपलीकडचा होता. तथापि, नवलाईच्या काळात विद्यार्थी सुखी असतो हे गृहीत त्याने निश्चितपणे डळमळीत केले.

६. काळाव्यतिरिक्त इतर कारणे

चढउतार केवळ दिनदर्शिकेवर अवलंबून नसतील, तर ते कशावर अवलंबून असतात? संशोधनातून दोन कारणे विशेषत्वाने पुढे आलेली आहेत.

त्यांपैकी पहिले कारण राष्ट्रीय प्रतिष्ठेचे. रिचर्ड लॅम्बर्ट व मार्व्हिन ब्रेसलर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील भारतीय व शेजारील देशांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९५६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. यजमान आपल्या देशास कोणत्या पायरीवर मानतात, याविषयी विद्यार्थ्याची जी समजूत होते, तिच्यावर त्याचे यजमान देशाविषयीचे मत बरेचसे ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जातिभेद, दारिद्र्य, लोकसंख्या यांविषयीचा साधा प्रश्नही अशा विद्यार्थ्याला आरोपासारखा लागतो. त्याला व्यक्ती म्हणून नव्हे, तर देशाचा वकील म्हणून उत्तर द्यावे लागते; आणि मायदेशी ज्या गोष्टींवर तो स्वतः कडाडून टीका करीत असे, त्यांचेच समर्थन करण्याची वेळ त्याच्यावर येते. नॉर्वेच्या विद्यार्थ्याच्या व भारतीय विद्यार्थ्याच्या अमेरिकेतील अनुभवांत हा महत्त्वाचा भेद आहे. तेव्हा एकाच्या आधाराने काढलेला वक्र दुसऱ्यास जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे होय.

दुसरे कारण स्नेहसंबंधांचे. स्टीफन बॉख्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली हवाई येथील परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीची पाहणी करून तीन वर्तुळे दाखविली. स्वदेशीयांचे वर्तुळ भावनिक आधार देते व मूळ संस्कृतीचा अनुभव जिवंत ठेवते. यजमानांचे वर्तुळ प्रामुख्याने कामकाजाचे असते. अभ्यास, कार्यालये व परीक्षा यांतील अडचणी त्यातून सुटतात. इतर परदेशी विद्यार्थ्यांचे वर्तुळ करमणूक व समदुःखी सोबत पुरविते. विद्यार्थ्याने स्वदेशीयांत रमू नये, यजमानांत मिसळावे, असा उपदेश सर्रास केला जातो. या विवेचनावरून तो एकांगी ठरतो. स्वदेशीयांच्या खोलीवर आठवड्यातून एकदा वरणभात खाऊन आपल्या भाषेत गप्पा मारणारा विद्यार्थी समायोजनापासून पळत नसतो. उरलेले सहा दिवस परभाषेत वावरण्याचे बळ तो मिळवीत असतो. तीनही वर्तुळे निरनिराळी कामे करतात. धोका उद्भवतो तो एखादेच वर्तुळ उरले म्हणजे.

या दोहोंच्या जोडीला अगदी साध्या गोष्टीही असतात : शिष्यवृत्तीचा हप्ता लांबणे, राहण्याची जागा दूर असणे, उत्तर गोलार्धातील हिवाळ्यात दुपारीच होणारा अंधार, आणि परदेशात उत्तीर्ण केलेला विषय मायदेशी ग्राह्य धरला जाईल की नाही याची टांगती शंका. शेवटची बाब विनिमय-विद्यार्थ्याची खास आहे. मागे उल्लेखिलेली श्रेयांकांची व्यवस्था जेथे अपुरी असते, तेथे विद्यार्थी दोन्ही विद्यापीठांच्या परीक्षांचा भार वाहतो, आणि त्याच्या उदासीनतेला सांस्कृतिक धक्का हे भारदस्त नाव मिळते.

७. व्यवहारातील परिणाम

हा वाद केवळ तात्त्विक नाही. विनिमयाचा एक प्रचलित प्रकार एका सत्राचा, म्हणजे चार ते पाच महिन्यांचा असतो. लिसगोर यांचा अभ्युपगम खरा मानला, तर असा विद्यार्थी उतार सुरू होण्यापूर्वीच परततो. तो सुखावलेला असतो, पण यजमान समाजाच्या वरच्या थराखाली काय आहे हे त्याने पाहिलेले नसते. वॉर्ड यांचा निष्कर्ष खरा मानला, तर तोच विद्यार्थी सर्वांत कठीण काळ सोसून, गोष्टी सुकर होऊ लागल्या असतानाच परततो. दोन्ही मतांचा रोख दीर्घतर मुक्कामाकडे आहे. परंतु त्यांची कारणे परस्परविरुद्ध आहेत. आधार केव्हा द्यावा याविषयी तर त्यांची उत्तरेही विरुद्ध आहेत. पहिल्या मतानुसार आधाराची खरी गरज काही महिन्यांनंतर निर्माण होते. दुसऱ्यानुसार ती निघण्यापूर्वी आणि पहिल्या काही आठवड्यांत असते. ज्या विभागापाशी मनुष्यबळ व निधी मर्यादित आहेत, त्याला हा निर्णय टाळता येत नाही.

उपलब्ध पुराव्याचे वजन पाहता आगमनकालीन आधारास अग्रक्रम देणे युक्त ठरते. निघण्यापूर्वीच राहण्याच्या जागेची निश्चिती, ग्राह्य धरावयाच्या विषयांची लेखी यादी, पहिला हप्ता वेळेवर, आणि तेथे आधी जाऊन आलेल्या विद्यार्थ्याशी गाठ या चार गोष्टींनी पहिल्या आठवड्यांचा भार पुष्कळ हलका होतो. त्यानंतरच्या काळात ठराविक महिन्यात उतार येईलच असे सांगण्यापेक्षा मायदेशीच्या मार्गदर्शकाने नियमितपणे पत्रव्यवहार ठेवणे अधिक उपयोगी; कारण उतार आलाच तर तो ज्याच्या त्याच्या कारणाने व ज्याच्या त्याच्या वेळी येतो.

'यू' वक्राचा एक उपयोग मात्र नाकारता येत नाही. आपली उदासीनता हा आपला वैयक्तिक नालायकपणा नसून इतरांनीही अनुभवलेली अवस्था आहे, एवढे समजल्याने विद्यार्थ्याला धीर येतो. परंतु या धीराची दुसरी बाजूही आहे. वक्र भविष्यकथनासारखा वापरला गेला, की विद्यार्थ्याची तक्रार ही तक्रार न राहता लक्षण ठरते. घरमालक जागा नाकारतो, सहाध्यायी गटात घेत नाहीत, प्राध्यापक त्याचे उच्चार ऐकून मताकडे दुर्लक्ष करतात, असे विद्यार्थी सांगू लागला असता, हा दुसऱ्या अवस्थेचा परिणाम आहे व तो यथाकाल ओसरेल, असे उत्तर देणे सोयीचे असते. अशा उत्तराने संस्थेची जबाबदारी काळावर ढकलली जाते. विद्यार्थ्याला आलेला अनुभव खरोखर अन्यायाचा आहे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. मनःस्थितीचा विचार त्यानंतरचा.

परतलेल्या विद्यार्थ्याविषयीही हेच म्हणता येईल. त्याच्याकडून एखादे व्याख्यान घेऊन व अहवाल दप्तरी दाखल करून विभाग आपले कर्तव्य संपले असे मानतो. वस्तुतः यूसीम यांच्या अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे तो जे घेऊन येतो ते बहुधा अहवालात लिहिता येण्यासारखे नसते. प्रश्न विचारण्याची एखादी नवी रीत, स्वतःच्या समाजाकडे किंचित दुरून पाहण्याची सवय, आपल्या गृहीतांची झालेली जाणीव असे त्याचे स्वरूप असते. ते उपयोगात येण्यासाठी त्याला मायदेशी संधी मिळावी लागते. ती न मिळाल्यास परतीचा उतार लांबतो, आणि अनेकदा पुन्हा परदेशी जाण्याच्या इच्छेत त्याचे पर्यवसान होते.

८. समारोप

विनिमय-विद्यार्थ्याच्या अनुभवात चढउतार असतात ही गोष्ट निर्विवाद आहे. त्यांना एकच आकृती असते, ही गोष्ट मात्र सिद्ध झालेली नाही. १९५५ साली लिसगोर यांनी जो अभ्युपगम मांडला, तो पुढील संशोधनास चालना देणारा ठरला, हे त्याचे श्रेय मोठे आहे. अभ्युपगमाचा सिद्धान्त झाला तो नंतरच्या पुस्तिकांतून. काळ हे समायोजनाचे कारण नव्हे. काळाच्या ओघात ज्या गोष्टी घडतात किंवा घडत नाहीत, त्या त्याची कारणे होत. मिळालेला स्नेही, सुटलेली अडचण, मान्य झालेला विषय, ऐकून घेतले गेलेले मत यांनी आलेख वर जातो. या गोष्टींच्या अभावी तो खाली राहतो, मग महिना कोणताही असो. यांपैकी बहुतेक गोष्टी यजमान संस्थेच्या व मायदेशीच्या विभागाच्या हातातील आहेत. तेव्हा विद्यार्थी कोणत्या अवस्थेत आहे, या प्रश्नाबरोबरच त्याला कोणती गोष्ट मिळालेली नाही, हा प्रश्न विचारणे शास्त्रीय दृष्ट्या अधिक बिनचूक, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने अधिक न्याय्य होय.